वेष्टनापासून थंबनेलपर्यंत : व्हिडिओ गेमच्या दर्शनी चित्राचा विकास

१. विषय आणि व्याप्ती

विक्रीस ठेवलेली वस्तू आणि तिचे दर्शनी रूप यांचा संबंध सर्वच व्यापारी मालाच्या बाबतीत आढळतो. परंतु जी वस्तू विकत घेण्यापूर्वी पारखून पाहता येत नाही, तिच्या बाबतीत हा संबंध विशेष महत्त्वाचा ठरतो. पुस्तक थोडेफार चाळता येते, कापड बोटांनी चाचपून पाहता येते, धान्याची मूठ नाकाशी नेता येते. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तो काही काळ खेळल्यावाचून त्याचे खरे स्वरूप कळत नाही, आणि दाम मोजल्यावाचून बहुधा तो खेळावयास मिळत नाही. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम गेली सुमारे पन्नास वर्षे एक चित्र करीत आले आहे. आरंभी ते पुठ्ठ्याच्या पेटीवर छापलेले असे. आज ते बहुतांशी विक्रीच्या संकेतस्थळावर, इतर शेकडो चित्रांच्या रांगेत, अगदी लहान आकारात दिसते. अंगठ्याच्या नखावरून त्यास थंबनेल हे नाव रूढ झाले आहे. पेटीवरील व पडद्यावरील अशा दोन्ही चित्रांसाठी येथे ‘दर्शनी चित्र’ ही एकच संज्ञा योजिली आहे.

या चित्राचा इतिहास सामान्यतः ऱ्हासाची कथा म्हणून सांगितला जातो. पूर्वी पेट्यांवर समर्थ चित्रकारांची रंगचित्रे असत, आता त्यांच्या जागी टपालाच्या तिकिटाएवढे चित्र उरले, असा या कथेचा सूर असतो. व्यवसायात वावरणाऱ्यांची भूमिका याच्या उलट असते. त्यांच्या लेखी थंबनेल हे केवळ एक तंत्र होय व त्याचे यश ते किती लोकांनी उघडून पाहिले एवढ्यावरूनच मोजावयाचे असते. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. दर्शनी चित्राचा आकार बदलत गेला हे खरे, परंतु त्याहून महत्त्वाचा बदल त्याच्या कार्यात झाला. हा बदल तीन गोष्टींवर अवलंबून होता : चित्राला मिळणारी जागा, खेळाच्या यंत्राची स्वतःची चित्रक्षमता, आणि फसगत झाल्यास ग्राहकाच्या हाती असलेला उपाय. या तिन्हींचा मेळ कालक्रमाने पाहिला असता, जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या लहान स्वतंत्र निर्मात्याला आज या चित्रावर एवढा भार का टाकावा लागतो, हेही स्पष्ट होते.

२. पूर्वपीठिका

व्हिडिओ गेमचा व्यापार सुरू झाला तेव्हा दर्शनी चित्राच्या दोन परंपरा पाश्चात्त्य बाजारपेठेत रूढ झालेल्या होत्या. पहिली अक्षर आणि रंग यांवर विसंबणारी. इंग्लंडमध्ये ॲलन लेन यांनी १९३५ साली काढलेल्या पेंग्विन पुस्तकमालेत मुखपृष्ठावर चित्र नव्हते. आडवे रंगीत पट्टे आणि एडवर्ड यंग यांनी रेखाटलेला पेंग्विन पक्षी एवढ्यावरच ग्राहकास पुस्तकाचा वर्ग आणि प्रकाशक यांची ओळख पटत असे. दुसरी परंपरा चित्रावर विसंबणारी. अमेरिकेत कोलंबिया कंपनीसाठी ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास ध्वनिमुद्रिकांच्या संचांवर चित्रे घालण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी या संचांची वेष्टने बहुधा साध्या एकरंगी कागदाची वा कापडाची असत. गाणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या वृत्तीचे सूचन करणारे चित्र ग्राहकापुढे ठेवणे, ही स्टाइनवाइस यांची मूळ कल्पना होती.

या दोन परंपरांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिलीत दर्शनी रूप वस्तूची जात सांगते, दुसरीत ते वस्तूचा अनुभव सुचविते. व्हिडिओ गेमने प्रथम दुसरी परंपरा स्वीकारली आणि जागा आकुंचित होताच तो मोठ्या प्रमाणावर पहिलीकडे वळला. ध्वनिमुद्रिकेच्या क्षेत्रातही असेच घडले होते. सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीच्या लाँग प्ले तबकडीची जागा १९८२ नंतर १२ सेंटिमीटरच्या कॉम्पॅक्ट डिस्कने घेतली, तेव्हा चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर आले.

३. अटारी : पूरक चित्राचा काळ

अटारी कंपनीचे व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम हे घरगुती यंत्र १९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत विक्रीस आले. पुढे १९८२ पासून ते ‘२६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या यंत्राची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइट होती. पडद्यावर हलणाऱ्या आकृती मोजक्या व ओबडधोबड असत. रणगाडा म्हणजे काही चौकोन, विमान म्हणजे आणखी काही चौकोन, अशी स्थिती होती. अशा वेळी पेटीवर पडद्याचेच चित्र छापले असते तर ते ग्राहकाच्या मनात उतरले नसते.

अटारीने जो मार्ग निवडला तो पुढील अनेक वर्षांसाठी आदर्श ठरला. यंत्राबरोबर आलेल्या आरंभीच्या खेळांची चित्रे प्रामुख्याने क्लिफ स्पॉन यांनी काढली. एकाच चौकटीत अनेक प्रसंग व आकृती एकमेकींत मिसळून मांडावयाच्या, ही त्यांची पद्धत. ‘कॉम्बॅट’ या खेळाच्या पेटीवर रणगाडे, विमाने आणि धुराचे लोट एकत्र दिसतात. त्याच पेटीवर आत २७ खेळ आहेत असेही छापलेले होते. चित्रातील बहुविधता आणि ही संख्या परस्परांस पोषक होती. एकाच काडतुसात पुष्कळ काही भरलेले आहे, ही भावना दोन्हींमुळे दृढ होई. पुढे सुझन येकेल, रिक ग्विडिस, स्टीव्ह हेंड्रिक्स आदी चित्रकारांनी ही परंपरा चालविली. यांपैकी ग्विडिस यांनी अमेरिकेच्या अवकाशसंस्थेसाठी अंतराळातील वसाहतींची कल्पनाचित्रेही रंगविली होती. अदृष्टास दृश्य रूप देण्याचा हा सराव खेळाच्या पेटीसाठीही उपयोगी पडणारा होता.

१९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळाचे उदाहरण या काळाचे मर्म स्पष्ट करणारे आहे. वॉरन रॉबिनेट यांनी रचलेल्या या खेळात नायक म्हणजे पडद्यावरील एक लहानसा चौकोन होय, आणि त्याच्यावर धावून येणारे ड्रॅगन पाहणाऱ्याला बदकांची आठवण करून देतात. येकेल यांच्या चित्रात मात्र किल्ला, भुलभुलय्या आणि ड्रॅगन यांचे एक संपूर्ण अद्भुत जग उभे राहते. हे चित्र खोटे आहे काय? वरवर पाहता तसे वाटेल. परंतु तत्कालीन खेळाडू पेटीवरील चित्र आणि बरोबरची पुस्तिका मनात ठेवून पडद्यावरील चौकोनाकडे पाहत असे. चित्र खेळाचे वर्णन करीत नव्हते, ते खेळ पुरा करीत होते. नाटकाच्या नेपथ्यात एका खांबावरून राजवाडा समजून घ्यावा, तसा हा व्यवहार होता. म्हणून या काळातील दर्शनी चित्रास ‘पूरक चित्र’ म्हणणे योग्य होईल.

ही पद्धत कोठे अपुरी पडते हे १९८२ साली दिसून आले. त्या वर्षी अटारीने ‘पॅक-मॅन’ या खेळाची घरगुती आवृत्ती काढली. मूळ खेळ सार्वजनिक खेळघरांतील यंत्रांवर असंख्य लोकांनी आधीच खेळलेला होता. त्यामुळे पेटीवरील चित्र कितीही उत्साही असले तरी ग्राहक पडद्यावरील लुकलुकणाऱ्या भुतांची तुलना त्या चित्राशी न करता मूळ खेळाशी करीत होता. पूरक चित्र कल्पनेची उणीव भरून काढू शकते, प्रत्यक्ष अनुभवाशी मात्र ते झुंजू शकत नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस ‘ई. टी.’ हा सुमारे पाच आठवड्यांत तयार केलेला खेळ प्रसिद्ध चित्रपटाच्या नावावर विक्रीस आला व मोठ्या प्रमाणावर पडून राहिला. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आला आणि २०१४ साली उत्खनन करून त्यातील काही भाग बाहेर काढण्यात आला. या कोसळण्याची कारणे अनेक होती, आणि ती सर्व दर्शनी चित्राच्या माथी मारणे अनैतिहासिक होईल. परंतु पेटीवरील आश्वासनावरचा ग्राहकाचा विश्वास या काळात उडाला, एवढे निश्चित म्हणता येते.

४. प्रामाणिक चित्राचे दोन प्रयोग

या विश्वासाची पुनःस्थापना करण्याचे दोन प्रयोग नोंदण्यासारखे आहेत. पहिला कोसळण्यापूर्वीचाच. अटारी आपल्या प्रोग्रामरांची नावे खेळावर देत नसे. या धोरणास कंटाळून बाहेर पडलेल्या डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅपलन यांनी जिम लेव्ही यांच्यासमवेत १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ तयार करणारी ही पहिली स्वतंत्र संस्था होय. तिच्या पेट्यांवर पडद्यावर जे दिसते त्याचेच किंचित सुबक केलेले रूप ठळक रंगांत दाखविलेले असे, आणि खेळाच्या कर्त्याचे नावही दिलेले असे. चित्राची सत्यता आणि कर्त्याची ओळख या दोन गोष्टी येथे एकदमच आल्या, हा योगायोग नव्हे. ज्याचे नाव पेटीवर आहे त्याला पेटीतील मालाची जबाबदारीही घ्यावी लागते.

दुसरा प्रयोग निंटेंडो कंपनीचा. १९८५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे आपले यंत्र चाचणीदाखल विक्रीस आणताना या जपानी कंपनीने पहिल्या खेळांच्या पेट्या काळ्या रंगाच्या व एकाच धाटणीच्या केल्या, आणि त्यांवर पडद्यावरील आकृतीच मोठ्या करून, त्यांचे चौकोनी पिक्सेल स्पष्ट दिसतील अशा रीतीने छापल्या. जोडीला गुणवत्तेचा शिक्काही आला. आत जे आहे तेच बाहेर आहे, हा त्या काळ्या पेट्यांचा संदेश होता. येथे पेंग्विन पुस्तकमालेचे स्मरण व्हावे. एकसारखी चौकट हीच विश्वासाची खूण बनली. हा प्रयोग शक्य झाला याचे एक कारण असे की, यंत्राची चित्रक्षमता आता इतकी वाढली होती की पडद्यावरील आकृती पाहण्यालायक झाली होती.

परंतु ही शिस्त फार काळ टिकली नाही. दुकानातील फळीवर स्पर्धा वाढताच रंगविलेली चित्रे परत आली. कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन’ या १९८७ च्या खेळाची उत्तर अमेरिकेतील पेटी याचे कुप्रसिद्ध उदाहरण मानली जाते. खेळातील नायक निळ्या चिलखतातील यंत्रबालक आहे आणि त्याचा हातच तोफ बनतो. पेटीवर मात्र हातात पिस्तूल धरलेला एक प्रौढ इसम दिसतो. पुढे २०१२ मध्ये खुद्द कॅपकॉमने या चित्राची थट्टा करणारे पात्र आपल्या दुसऱ्या एका खेळात घातले. याच्या नेमके उलट उदाहरण ‘इको’ या २००१ च्या खेळाचे. त्याचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको यांच्या चित्रांपासून स्फूर्ती घेऊन स्वतः रंगविलेले चित्र जपानी व युरोपीय आवृत्तींवर आले. लांब सावल्या, ओसाड वास्तू आणि त्यांत अगदी लहान दोन मुले, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेत हा खेळ आधी प्रसिद्ध झाल्याने तेथील पेटीवर वेगळे, सामान्य साहसकथेच्या वळणाचे चित्र आले. उएदा यांच्या चित्रात खेळातील कोणताही विशिष्ट प्रसंग नाही, तरी ते खेळाशी पूर्णतः प्रामाणिक आहे. प्रामाणिकपणा म्हणजे हुबेहूबपणा नव्हे, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

या काळातच लहान निर्मात्यांची एक निराळी धारा वाहत होती. केन व रॉबर्टा विल्यम्स या दांपत्याने १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ घरीच तयार करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकला. पिशवीत तबकडी आणि एक छापील कागद, एवढेच दर्शनी साहित्य होते. पण त्या वेळी संगणकाच्या दुकानात मोजकेच खेळ टांगलेले असत, आणि दुकानदार स्वतः ग्राहकाशी बोलत असे. ज्या दुकानात विक्रेता बोलका आहे तेथे चित्र मुके असले तरी चालते. हा विक्रेता पुढे नाहीसा झाला, तेव्हा त्याचे काम चित्राकडे आले.

५. दुकान पडद्यावर येते

व्हॅल्व्ह कंपनीने २००३ च्या सप्टेंबरात सुरू केलेली स्टीम ही सेवा आरंभी तिच्या स्वतःच्याच खेळांच्या सुधारित आवृत्ती पोहोचविण्यासाठी होती. २००५ पासून इतरांचे खेळ तेथे विक्रीस येऊ लागले. ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपनिशी उघडले. या दोन घटनांनी दर्शनी चित्राचे जग पालटले. पेटी, पुस्तिका, पाठीमागील मजकूर आणि दुकानदार हे चारही आधार एकाच वेळी नाहीसे झाले. पहिल्या आयफोनच्या पडद्यावर प्रत्येक ॲपच्या चिन्हास ५७ गुणिले ५७ पिक्सेल एवढीच जागा होती. तीत शीर्षकही मावत नसे. २००९ च्या अखेरीस आलेल्या ‘अँग्री बर्ड्स’ने एका लाल पक्ष्याच्या चेहऱ्यावर सारी भिस्त ठेवली. २०१२ मध्ये ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या चिन्हावर तोंड वासून ओरडणारा योद्धा आला, आणि त्यानंतर ओरडणाऱ्या चेहऱ्यांची एक लाटच मोबाइलच्या बाजारात उसळली. मानवी दृष्टी लहान आकारातही चेहरा चटकन ओळखते. या साध्या गोष्टीचा तो व्यापारी उपयोग होता. परंतु सर्वच चेहरे ओरडू लागल्यावर कोणाचाच आवाज वेगळा ऐकू येईनासा झाला.

स्टीमवरील चित्रांना व्यवसायात ‘कॅप्सूल’ म्हणतात. त्यांची मापे या अभ्यासात महत्त्वाची आहेत. दीर्घकाळ मुख्य कॅप्सूल ६१६ गुणिले ३५३, पृष्ठाच्या माथ्यावरील ४६० गुणिले २१५, आणि लहान कॅप्सूल २३१ गुणिले ८७ पिक्सेल अशी ती होती. पुढे ही मापे दुप्पट करण्यात आली. २०१९ च्या फेरबदलानंतर ग्राहकाच्या संग्रहासाठी ६०० गुणिले ९०० असे उभे चित्रही आवश्यक झाले. लहान कॅप्सूलपासून काही ठिकाणी १२० गुणिले ४५ एवढी प्रत आपोआप तयार होई. म्हणजेच मुख्य कॅप्सूलच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत तेच काम करावे लागे. शिवाय या सर्व चौकटींची लांबीरुंदीची प्रमाणे भिन्न आहेत. एकच चित्र कापून सर्वत्र बसविता येत नाही. प्रत्येक चौकटीसाठी आकृती, शीर्षक व मोकळी जागा यांची नव्याने मांडणी करावी लागते.

याच काळात दुकानाचे दार कोणासाठी उघडावयाचे हा प्रश्नही वेगवेगळ्या प्रकारे सोडविला गेला. आरंभी व्हॅल्व्ह स्वतः निवड करीत असे. २०१२ च्या ऑगस्टपासून ग्रीनलाइट या योजनेत ग्राहकांच्या मतांवर निवड होऊ लागली. २०१७ च्या जूनमध्ये ती बंद होऊन प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरून कोणासही खेळ मांडता येईल अशी व्यवस्था आली. दार उघडले, पण त्याबरोबर गर्दीही आली. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. पूर्वी अडचण दुकानात शिरण्याची होती, आता ती दुकानात दिसण्याची झाली. हा या इतिहासातील सर्वांत मोठा पालट होय, आणि त्याचा भार मुख्यत्वे स्वतंत्र निर्मात्यावर पडला. मोठी कंपनी आपल्या खेळाचे नाव जाहिरातींनी आधीच ग्राहकाच्या मनात रुजविते, त्यामुळे तिचे थंबनेल केवळ ओळख पटविते. अनोळखी निर्मात्याच्या थंबनेलला मात्र ओळख करून द्यावी लागते. दोन्ही चित्रांना जागा सारखीच मिळते, परंतु काम सारखे नसते.

६. थंबनेलची रचना : तीन कसोट्या

गेल्या दशकातील यशस्वी स्वतंत्र खेळांची थंबनेले तपासली असता त्यांच्या रचनेत काही समान गोष्टी आढळतात. त्या तीन कसोट्यांत मांडता येतील.

पहिली कसोटी वाचनीयतेची. लहान कॅप्सूलमध्ये शीर्षकाने जवळजवळ सर्व जागा व्यापावी, अशी शिफारस व्हॅल्व्हच्याच मार्गदर्शनात आहे. नाजूक, नक्षीदार अक्षरे मोठ्या चौकटीत शोभतात आणि लहान चौकटीत विरघळून जातात. आकृतीचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या लहान संघाच्या ‘हॉलो नाइट’ या २०१७ च्या खेळातील नायकाचे तोंड म्हणजे दोन शिंगांचा पांढरा मुखवटा आणि त्यात दोन काळे डोळे. गडद पार्श्वभूमीवर ही आकृती कितीही लहान केली तरी ओळखू येते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. हा गुण थंबनेल काढताना जोडता येत नाही. तो पात्राच्या मूळ रेखाटनातच असावा लागतो.

दुसरी कसोटी जातिबोधाची. पाहणाऱ्यास क्षणार्धात खेळाचा प्रकार कळला पाहिजे. शेती, कोडे, भय, पत्ते, युद्ध अशा प्रत्येक प्रकाराची रंगांची व अक्षरवळणांची एक रूढी बनलेली आहे. रूढी पाळली तर योग्य ग्राहक थांबतो, परंतु पूर्णपणे पाळली तर चित्र शेजाऱ्यांत मिसळून जाते. लुकास पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या २०१८ च्या खेळाने या पेचातून काढलेला मार्ग बोधप्रद आहे. सारा खेळच जुन्या संगणकांच्या धर्तीवर एकवर्णी ठिपक्यांत रेखाटलेला असल्याने त्याचे दर्शनी चित्रही त्याच वळणाचे आहे. रंगांच्या गर्दीत रंगाचा अभाव हेच त्याचे वेगळेपण ठरले.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या २०२० च्या खेळापुढे हा प्रश्न आणखी एका अंगाने उभा होता. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा राजस्थानी वास्तुशैली आणि पहाडी चित्रशैली यांच्या आधारे सजविलेली आहे. दुर्गा व विष्णू या देवता तिची निवेदने करतात. भारतीय ग्राहकास त्रिशूळ दिसताच जो संदर्भ आपोआप सुचतो, तो परदेशी ग्राहकास सुचत नाही. खेळ तर जगाच्या बाजारपेठेत मांडावयाचा होता. अशा वेळी शीर्षकातील ‘प्राचीन महाकाव्य’ या अर्थाचे इंग्रजी शब्द हे नुसते उपशीर्षक राहत नाहीत, चित्र जेथे अपुरे पडेल तेथे ते जातिबोधाचे काम करतात. एका संस्कृतीची दृश्यभाषा दुसरीस कळेल अशी मांडताना ती पुसली जाऊ नये, ही या कसोटीची अवघड बाजू होय.

तिसरी कसोटी सत्यतेची. चित्राने दिलेले वचन खेळाने पाळले पाहिजे. अटारीच्या काळात ही कसोटी नीतीची होती. आता ती व्यवहाराचीही झाली आहे. २०१५ च्या जूनपासून स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळला असल्यास सहसा परत करता येतो. फसव्या चित्राने ओढून आणलेला ग्राहक पैसे परत घेतो, शिवाय प्रतिकूल अभिप्राय लिहितो, आणि तो अभिप्राय चित्राखालीच कायम दिसत राहतो. जेथे हा उपाय दुबळा आहे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या मोबाइल खेळांच्या क्षेत्रात, तेथे चित्रांचा व जाहिरातींचा खरेपणाही दुबळा राहिला. खेळाशी फारसा संबंध नसलेली कोडी दाखविणाऱ्या काही जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०२० साली बंदी घातली, ही गोष्ट या संदर्भात उल्लेखनीय आहे.

या कसोट्यांत चौथी घालण्याचा मोह अनेकांना होतो, ती म्हणजे मोजमापाची. गूगलने २०१५ पासून आणि ॲपलने २०२१ पासून निर्मात्यांना एकाच खेळाची दोन वा अधिक चित्रे वेगवेगळ्या ग्राहकांस दाखवून कोणते अधिक उघडले जाते हे पाहण्याची सोय दिली. ही सोय उपयुक्त खरीच. परंतु ती फक्त किती लोक थांबले हे सांगते, योग्य लोक थांबले की नाही हे सांगत नाही. भयकथेचे चित्र हसरे केल्यास पाहणारे वाढतील, परंतु ते ग्राहक भयकथेचे नसतील. चित्राच्या सामर्थ्याची मर्यादाही विसरून चालणार नाही. ‘अमंग अस’ हा खेळ २०१८ साली आला व दोन वर्षे फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. २०२० मध्ये लोकप्रिय खेळाडू प्रेक्षकांसमोर तो खेळू लागले, तेव्हा तो जगभर पसरला. दुकानदाराची बोलकी शिफारस जणू निराळ्या रूपात परत आली होती.

७. २०२२ चा नियम

स्पर्धा वाढली तशी थंबनेलवर चित्राखेरीज इतर मजकुराची दाटी होऊ लागली. पारितोषिकांची नावे, समीक्षकांचे गुण, सवलतीचे आकडे यांनी लहानशी चौकट भरून जाई. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॅल्व्हने मूळ कॅप्सूलवर खेळाचे चित्र, त्याचे नाव व अधिकृत उपशीर्षक यांखेरीज काहीही असू नये असा नियम लागू केला. खेळात मोठी नवी भर पडल्यास मर्यादित काळापुरती वेगळी चित्रे लावण्याची मुभा मात्र ठेवली.

हा नियम वरवर सौंदर्याचा वाटतो, परंतु त्याचे महत्त्व न्यायाचे आहे. पारितोषिके व गुण ज्यांच्यापाशी असत, त्यांच्या चित्रांना त्यांचा आधार मिळे, आणि पहिलाच खेळ मांडणाऱ्याला तो नसे. नियमाने हा आधार काढून घेऊन दोघांना एकाच पातळीवर आणले. अर्थात ही समता केवळ चौकटीच्या आतली आहे. कोणाची चौकट किती वेळा व कोठे दिसावी हे ठरविणारी यंत्रणा दुकानाच्या मालकाच्याच हाती राहिली. निंटेंडोच्या काळ्या पेट्यांप्रमाणे येथेही शिस्त लावली ती बाजारपेठेच्या धन्याने, निर्मात्यांनी नव्हे, हा इतिहासातील सातत्याचा धागा नजरेआड करून चालणार नाही.

८. साधनांचा प्रश्न आणि समारोप

या विषयाच्या अभ्यासापुढे एक गंभीर अडचण आहे. अटारीची पेटी आजही हातात घेता येते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयासारख्या संस्थांनी असे साहित्य जतन केले आहे. थंबनेल मात्र बदलले की पहिले नाहीसे होते. दुकानच बंद झाले तर सर्वच नाहीशी होतात. निंटेंडोचे वीसाठीचे दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झाले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये थ्रीडीएस व वी यू यांच्या दुकानांवरील विक्री थांबली. त्या पृष्ठांवर लहान निर्मात्यांचे कितीतरी खेळ ज्या क्रमाने, ज्या शेजारात व ज्या आकारात मांडलेले होते, ती मांडणी आता पाहावयास मिळत नाही. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत काही पृष्ठांच्या प्रती सापडतात, परंतु चित्रांचे परस्परसान्निध्य त्यांत क्वचितच टिकते. थंबनेलचा अर्थ तर त्या सान्निध्यातच असतो. एकटे काढून ठेवलेले थंबनेल म्हणजे बाजारातून उचलून आणलेली एकच पाटी होय. त्यामुळे ज्या काळात सर्वाधिक दर्शनी चित्रे निर्माण झाली, त्याच काळाची साधने सर्वांत विरळ राहण्याचा धोका आहे, आणि त्यांत पहिली हानी अनोळखी निर्मात्यांच्या कामाची होणार आहे. संग्रह करावयाचा तर सुट्या चित्रांबरोबर संपूर्ण पृष्ठांचा, दिनांकासह, केला पाहिजे.

एकंदरीत पाहता व्हिडिओ गेमच्या दर्शनी चित्राने तीन अवस्था ओलांडल्या. यंत्र दुबळे होते तेव्हा चित्राने खेळ पुरा केला. विश्वास ढळला तेव्हा चित्राने खेळाची साक्ष दिली. दुकान अफाट झाले तेव्हा चित्राला खेळाची ओळख करून देणारा दूत व्हावे लागले. ऱ्हासाची कथा या तिसऱ्या अवस्थेस पहिलीच्या मापाने मोजते म्हणून चुकते. मोजमापावर विसंबणारी भूमिका दुसरी अवस्था विसरते म्हणून चुकते. आजच्या थंबनेलला दूताचे काम करावयाचे आहे हे खरे, परंतु तो दूत खरे बोलणारा असावा, हा १९८३ चा धडा अद्याप जुना झालेला नाही.